'बाकी तुम्ही बघून घ्या' म्हणणाऱ्या लेखकांना

दिवाळी अंकांत लिहिणाऱ्या तमाम लेखक-लेखिकांस,

स. न. वि. वि.

यंदा ज्येष्ठ अधिक आला, म्हणून लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला आहे. गेल्या वर्षी ते २१ ऑक्टोबरलाच होऊन गेलं होतं. म्हणजे अंक काढणाऱ्या सगळ्यांच्या पदरात अठरा दिवस जास्तीचे पडले. त्यातले निम्मे संपादकांनी मुदतवाढ म्हणून तुम्हाला आधीच वाटून टाकले असणार, हे मी धरून चालते. उरलेल्या निम्म्यांवर माझा डोळा आहे.

मी मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफं तपासणारी. पुण्यातल्या पेठांमधले छापखाने खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर, चालत होते तेव्हा या कामाला लागले, आता घरी बसून पीडीएफवर खुणा करते. वर्षभर पुस्तकं, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, प्रसंगी लग्नपत्रिकासुद्धा. पण गणपती उठले की दिवाळी अंकांशिवाय दुसरं काही सुचत नाही. या हंगामात कथा, लेख, कविता जे काही येतं त्याच्यासोबत एक वाक्य हमखास येतं. नवोदितांकडून येतं, पुरस्कारप्राप्त ज्येष्ठांकडून येतं, मराठीच्या प्राध्यापकांकडून तर येतंच येतं: 'घाईत लिहिलंय, परत वाचायला वेळ झाला नाही. बाकी तुम्ही बघून घ्या.'

तर या 'बाकी'त काय काय येतं आणि त्यातलं मला किती बघता येतं, तेवढंच सांगायला हे पत्र.

ऱ्हस्व-दीर्घ मला बघता येतं. साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनानं १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. हे अठरा नियम तुम्ही पाठ करावेत अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. ते आमचं पोट आहे. फूल दीर्घ, फुलाला ऱ्हस्व. वकील दीर्घ, वकिलाला ऱ्हस्व. पण गुण, विष, मधुर यांना हात लावायचा नाही. शेवटची वेलांटी दुसरी, तरी 'आणि' त्यातून सुटलेला. हे सगळं इतक्या वर्षांत डोळ्यांना आपोआप दिसायला लागतं. तुमच्या लेखातला एकूण एक 'की' ऱ्हस्व असला तरी मी रागावणार नाही. त्याचेच मला पैसे मिळतात. कमी मिळतात, पण तो वेगळा विषय.

मला बघता येत नाही ते वेगळंच आहे. तुम्हाला काय म्हणायचं होतं, ते मला दिसत नाही.

अलीकडे बरेच जण फोनशी बोलून लेख लिहितात. माझी त्याला हरकत नाही. बोट दुखतं, मान अवघडते, वयही होतं. एका लेखिकेच्या आठवणींच्या लेखात वाक्य होतं: 'दुपारची जेवणं उरकली की आजी माझ्या घरात आडवी व्हायची.' वाक्यात काही खोट सांगा. वेलांट्या-उकार जागच्या जागी, कर्ता-क्रियापद जुळलेलं, अर्थ लागतोय. मी पुढे गेले. दोन परिच्छेदांनंतर आलं, 'ओटीवरून माझ्या घरात जाताना उंबऱ्याला ठेच लागायची,' तेव्हा थांबले. ओटी आजोबांच्या वाड्याची, मग हे घर मध्येच कुठून आलं? फोन केला. बाई म्हणाल्या होत्या माजघर. फोनला माजघर ठाऊक नव्हतं, त्यानं ऐकलं 'माझं घर', आणि विभक्तीसकट नीट जुळवून दिलं. ते ओटीचं दुसरं वाक्य लेखात नसतं तर ती आजी छापून आली असती नातीच्या घरी आश्रयाला राहिलेली, आणि मला, संपादकांना किंवा वाचकांना त्यात काही वावगं वाटलं नसतं. एका माणसालाच वाटलं असतं. तिनं वाचलं नव्हतं.

अशा चुका मराठीत पूर्वी नव्हत्या. हातानं लिहिताना माणूस शब्द गाळायचा, एखादं अक्षर उलटसुलट करायचा, आणि ती चूक चुकीसारखी दिसायची. आता फोन चुकतो तो शुद्ध शब्द घालून चुकतो. परसाचं 'परत' होतं, ओसरीचं 'दुसरी' होतं. जुन्या घरांतले, शेतातले, स्वयंपाकघरातले शब्द आधी जातात, आणि दिवाळी अंकांतले निम्मे लेख तर आठवणींचेच असतात.

आकड्यांचंही तसंच. एका गावच्या देवळावरचा लेख आला होता, मेहनतीनं लिहिलेला. त्यात होतं: 'सभामंडपाचं काम इ. स. १६९० मध्ये माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत झालं.' थोरले माधवराव पेशवेपदावर आले १७६१ मध्ये, वारले १७७२ मध्ये. १६९० साली तर छत्रपती राजाराम महाराज जिंजीला होते. देवळावरच्या शिलालेखात १६९० आहे हे खरं, पण तो शक. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की १७६८ येतं आणि सगळं जागेवर बसतं. लेखकानं टिपण काढताना 'शके' लिहिलं होतं, लेख लिहिताना हात सवयीनं 'इ. स.' लिहून गेला. हे मला कळलं ते शेजारी माधवराव उभे होते म्हणून. ते नसते तर? 'सभामंडपाचं काम इ. स. १६९० मध्ये झालं.' झालं असेल बापडं. पुढे तोच आकडा गावच्या जत्रेच्या पत्रकात, तिथून कमानीवर, आणि कमानीवरचं कोण खोडतो?

वर्षं, अंतरं, रकमा, माणसांची नावं, नाती यांतलं मला काहीही तपासता येत नाही, जोवर तुमचंच दुसरं वाक्य त्याला खोटं पाडत नाही. पहिल्या पानावरची आत्या सातव्या पानावर मावशी झाली तर मी विचारते. दोन्हीकडे मावशी असेल तर मी निमूट पुढे जाते, मग तुमच्या घरी कुणीही रुसो.

आता त्या कथेचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. नायिका भांडून घरातून निघते, एसटी स्टँडवर येते, चौकशीच्या खिडकीत विचारते, 'सावंतवाडी किती वाजता?' आणि कथा संपते. मला शंका आली. निरोप टाकला: 'कथा इथेच संपते ना? काही राहिलं नाही ना?' उत्तरादाखल अंगठा आला. हा अंगठा 'हो, इथेच' याचा, 'हो, राहिलंय' याचा, की नुसता 'पोचलं' याचा? पुन्हा विचारलं, पुन्हा अंगठा. अंक निघाला. शेवट खुला ठेवण्याचं धाडस आवडल्याची वाचकपत्रं आली. लेखकाचा फोन आला तो भाऊबीज उलटल्यावर. कथा त्यांनी व्हॉट्सॲपवर दोन तुकड्यांत पाठवली होती आणि दुसरा तुकडा, म्हणजे शेवटची दीड पानं, चुकून व्याह्यांना गेला होता. व्याह्यांनीही अंगठाच दिला होता. पुढे संग्रह आला, त्यात लेखकानं कथा तशीच, खिडकीपाशीच सोडली आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

तुम्ही वाचत का नाही, याची कारणं मी इतक्या वर्षांत भरपूर ऐकली. वेळ नाही, हे पहिलं. ते मी सोडून देते, कारण ज्यांना खरोखर वेळ नसतो तेच बहुधा वाचून पाठवतात. दुसरं कारण कुणी तोंडानं बोलत नाही. लिहिणं हे प्रतिभेचं आणि तपासणं हे हमालीचं, अशी एक वाटणी आपल्याकडे पक्की आहे. अंक निघाल्यावर चूक सापडली की ती मुद्राराक्षसाच्या, म्हणजे छपाईतल्या चुकांच्या, नावावर. जुन्या पुस्तकांना शुद्धिपत्र असायचं, पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे रकाने आखून. त्यांत खिळे उडाल्याच्या, मात्रा गळल्याच्या चुका सापडतात. 'येथे लेखकाचे चुकले' असा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

तिसरं कारण मात्र खरं आहे आणि ते मला पटतं. लिहून पाठवलं की ते परत बघवत नाही. पुन्हा वाचलं तर सगळंच फसलंय असं वाटेल, ही धास्ती. चांगल्या लेखकांना ती जास्त असते. मी तिला हसणार नाही. पण तुम्ही वाचलं नाही म्हणून लेख कमी फसत नाही. तो फसलाय हे तुमच्याआधी मला कळतं इतकंच, आणि मी ते तुम्हाला सांगणार नाही, कारण ते माझं काम नाही.

आणि समजा वाचलंत, तरी दिसेलच असं नाही. आपलं लिखाण आपण वाचत नसतो, आठवत असतो. गळलेला 'नाही' डोळ्यांना सापडत नाही, कारण मनात तो आहेच. म्हणून लेख पाठवायच्या आदल्या रात्री पडद्यावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवून 'वाचला' म्हणू नका. चार दिवस जाऊ द्या. अक्षराचा आकार वाढवा, टंक बदला, जमलं तर कागदावर छापून घ्या. ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या की डोळा बिचकतो आणि वाचू लागतो. आमच्या छापखान्यात दोघं मिळून प्रूफ वाचत. एक जण हस्तलिखित हातात धरून मोठ्यानं म्हणायचा, कॉमा, फुलस्टॉप, अवतरण सुरू, अवतरण बंद यांसकट, आणि दुसऱ्याची पेन्सिल गॅलीवरून, म्हणजे पानं पाडण्याआधीच्या लांब प्रुफावरून, सरकायची. ऐकताना चूक टोचते. घरात कुणाला तरी वाचायला बसवा. कुणी नसेल तर फोन वाचून दाखवतो. तो भावनाशून्य वाचतो, हाच त्याचा गुण.

त्या दिवसांचे मला गोडवे गायचे नाहीत. शिशाचा वास, गॅलीचा ओलसर लांब कागद, खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या शिव्या, यांत रम्य काही नव्हतं. पण दुरुस्तीला तेव्हा किंमत होती. एक शब्द वाढवला की ओळ ओसंडायची, परिच्छेद संपेपर्यंतच्या सगळ्या ओळी पुन्हा जुळवाव्या लागायच्या, कधी पानाचं पान हलायचं. त्यामुळे लेखक छापखान्यात येऊन बाकावर बसायचे, प्रूफ वाचायचे, आणि शब्द काढला तर तेवढ्याच लांबीचा दुसरा शोधून द्यायचे. आता दुरुस्ती फुकट झाली आणि वाचणंही बंद झालं. त्याऐवजी पान लागल्यावर, म्हणजे पानाची मांडणी झाल्यावर, अख्खा लेखच नवा येतो. फायलींची नावं बघा: 'सुधारित', 'सुधारित २', 'फायनल', 'फायनल नवीन', 'हीच घ्या'. 'हीच घ्या'मध्ये 'सुधारित'मधल्या दुरुस्त्या नसतात.

त्यात शोधा-आणि-बदला हे एक प्रकरण आहे. एका कादंबरीकारांनी शेवटच्या क्षणी नायकाचं नाव राम होतं ते श्याम केलं, एका कळीवर. संगणकाला नायक कोण ते ठाऊक नाही, तो अक्षरं ओळखतो. आजोबा आश्यामखुर्चीत बसले. स्वल्पविश्याम आला. ग्राम या शब्दातही ग-हलन्तापुढे 'राम' दडलेला असतो, तिथे जे काही उमटलं ते उच्चारता येत नाही, तरी त्या गावाला पंचायत होती. हे मात्र मला दिसलं. असलं दिसतं. जुन्या टंकातून युनिकोडमध्ये येताना 'दऱ्या'चं 'दर्या' होतं आणि ट्रेकर मंडळी सह्याद्रीच्या दर्यात उतरतात, तेही दिसतं. हसून पुढे जाता येतं.

आता आमच्या बाजूचं. तुम्ही वाचत नाही तेव्हा आम्हीही बिघडवतो, हे तुम्हाला माहीत असावं. वऱ्हाडातल्या एका लेखकाच्या कथेतली म्हातारी 'पानी' म्हणायची. ती कथा ज्यांच्या हाती पडली त्या मुद्रितशोधकांनी तिच्या तोंडचं सगळं 'पानी' 'पाणी' करून टाकलं, 'व्हतं'चं 'होतं' केलं, इमानेइतबारे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. म्हातारी सदाशिव पेठेत जन्मल्यासारखी बोलू लागली. लेखक चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. पण पानाची पीडीएफ त्यांना आठवडाभर आधी गेली होती आणि ती त्यांनी उघडली नव्हती. बोलीतलं, मुद्दाम मोडलेलं, तुमचं स्वतःचं असं जे काही असेल, त्याच्या बाजूला 'असेच ठेवावे' एवढं लिहिलंत तर आमची पेन्सिल तिकडे वळत नाही. आणि लिहूनही कुणी वळवलीच, तर ते पकडायला पान तुम्हीच बघायला हवं. तुमच्या म्हातारीचा आवाज आम्ही ऐकलेला नाही.

शुद्धलेखनाचा आग्रह हा मूठभरांच्या बोलीचा इतरांवरचा जुलूम आहे, असं तुमच्यातले काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे, आणि ज्यांच्या घरची बोली प्रमाणभाषेपासून लांब त्यांना शाळेपासून किती लाल शाई सोसावी लागते, ते मी पाहिलंय. वाद घालायला मी तयार आहे, चहा माझ्याकडून. पण चौथ्या पानावर मेलेला माणूस सातव्या पानावर भाकरी खातो, यात कुठल्या बोलीचा कैवार आहे? बंडखोर लेखकांनी तर दोनदा वाचायला हवं, कारण त्यांच्या लेखात मुद्दाम केलेलं कोणतं आणि चुकून झालेलं कोणतं, हे मला अजिबात ओळखता येत नाही.

संगणकाच्या भरवशावर राहायचं म्हणाल, तर मराठीत ते अवघड आहे. आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटवून लिहितो. एका 'घर'ची घरातल्या, घरांपुढच्या, घराघरांतूनसुद्धा अशी न संपणारी रूपं होतात आणि तपासनीस त्यांतल्या कित्येकांखाली लाल रेघ ओढतो. शेवटी लेखक लाल रेघेकडे बघायचंच सोडतो. यंदा दोघा-तिघांनी चॅटजीपीटीकडून 'प्रूफ तपासून' पाठवलंय. वेलांट्या बऱ्याच जागेवर आल्या, पण वाक्यांना इस्त्री झाली. एकानं लिहिलं होतं, 'बाप काही बोलला नाही, नुसता सुपारी कातरत बसला.' परत आलं, 'वडील शांत राहिले आणि सुपारी कातरत राहिले.' मूळ फाइल माझ्याकडे होती म्हणून मला कळलं. लेखकाला कळलं नव्हतं.

तर मागणं असं. लेख एकाच फायलीत पाठवा, आणि पाठवलेली फाइल तुमच्याच फोनवर उघडून शेवटची ओळ आहे ना, ते बघा. नावं, सनावळ्या, आकडे आणि नाती यांच्यावरून एकदा बोट फिरवा. वेलांट्या-उकारांसाठी जीव काढू नका, ते माझ्यावर सोडा. पान लागलं की नवरात्राच्या सुमारास पीडीएफ तुमच्याकडे येईल. ती उघडा. दुरुस्ती कळवताना पान, स्तंभ आणि ओळ लिहा. 'मधे कुठेतरी' म्हटलं की मी अख्खा लेख पुन्हा वाचते. कागदावर खुणा करून फोटो काढून पाठवलात तरी चालेल. दुरुस्ती नसेल तर 'पूर्ण वाचलं, दुरुस्ती नाही' असं अक्षरांत लिहून कळवा. दसऱ्यानंतर फॉर्म, म्हणजे एकत्र छापायची पानं, छपाईला चढू लागतात. सोळा पानांचा फॉर्म एकदा चढला की तुमच्या एका शब्दासाठी तो कुणी उतरवत नाही. रात्री दहानंतर फोन नको, निरोप चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक मुद्रितशोधक

ता. क. कवींना एक वेगळं सांगायचं राहिलं. फोनवर लिहिलेल्या कवितेची ओळ तुम्ही मोडली आहे की पडद्याची कड आली म्हणून मोडली आहे, हे आम्हाला कळायला काही मार्ग नाही. कवितेसोबत हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटो जोडा. अक्षर कसंही असू दे.